ख्याल शिकणाऱ्याने आधुनिक तत्त्वज्ञान वाचावं का, आणि वाचलं तर कसं

ग्वाल्हेरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: ख्याल (रागसंगीतातला गायनप्रकार) शिकते, सोबत तत्त्वज्ञानात एम.ए. चालू आहे, लघुप्रबंधाला 'संगीत आणि आधुनिक तत्त्वज्ञान' हा विषय घेतला आहे. कांट, शोपेनहावर, नीत्शे, अडोर्नो हे जर्मन तत्त्वज्ञ वाचायला काढले, पण त्यातलं काहीच आपल्या गाण्याला लागू पडत नाहीसं वाटतं. तेव्हा सगळं रससिद्धांताशी (कलेतून रसिकाला रस कसा अनुभवता येतो, या भारतीय सिद्धांताशी) जोडून टाकावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

रससिद्धांताशी जोडून टाकू नका, निदान पहिल्या प्रकरणात तरी नको. या विषयावरचे बरेच लघुप्रबंध तिथेच गाळात जातात. एका रकान्यात शोपेनहावरची इच्छा, दुसऱ्यात नादब्रह्म (नाद हेच ब्रह्म ही कल्पना), मध्ये बरोबरचं चिन्ह. तोंडी परीक्षेत पहिल्या प्रश्नाला हे कोसळतं. आणि लागू पडत नाहीसं वाटतंय ते साहजिक आहे, कारण तुम्ही नावांच्या क्रमाने वाचताय. या मंडळींच्या कानात सिम्फनी असते, नाहीतर ऑपेरा. तंबोरा नसतो.

नावं बाजूला ठेवा आणि प्रश्न उचला. ख्यालाला खरोखर भिडणारे प्रश्न तीनच आहेत. काळ ऐकू कसा येतो? बंदिश 'तीच' आहे हे कशावरून ठरतं? आणि भाव नेमका कुठे असतो, स्वरात, शब्दात की ऐकणाऱ्यात? माझ्या मते पहिल्यात सगळ्यात जास्त माल आहे, दुसऱ्यात पाश्चात्त्य सिद्धांत उपयोगी पडेल अशा रीतीने मोडतात, आणि तिसऱ्यात भांडण जुनं आहे पण आपल्याकडे एक चांगला साक्षीदार आहे.

मोठ्या नावांचं आधी उरकून घेऊ. कांटचं 1790च्या ग्रंथातलं कलम 51 ते 54 वाचा, तेवढं पुरे. मन हलवण्याच्या बाबतीत तो संगीताला काव्याच्या खालोखाल जागा देतो, पण बुद्धीच्या मशागतीच्या हिशेबात ललितकलांत सगळ्यात खाली बसवतो. शिवाय त्याची तक्रार आहे की संगीत शेजाऱ्यांवर लादलं जातं. अत्तर लावलेला रुमाल खिशातून काढणारा जसा आजूबाजूच्या सगळ्यांना न विचारता वास घ्यायला लावतो, तसं. (मिरवणुकीतल्या डीजेमागे अडकलेल्या, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या लोकांना हे कलम समजावून सांगावं लागत नाही.) नीत्शेचं 1872चं शोकात्मिकेवरचं पुस्तक संगीतकार वाग्नरच्या प्रभावात लिहिलेलं आहे आणि 1888 साली तो त्याच वाग्नरवर तुटून पडतो. प्रकरण रंजक आहे, पण तुमच्या कामाचं फारसं नाही.

शोपेनहावरबद्दल मात्र चार वाक्यं जास्त लिहायला हवीत, कारण मोह तिथेच होतो. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या खंडातलं कलम 52 संगीतावर आहे. बाकीच्या कला कल्पनांची नक्कल करतात, संगीत थेट इच्छेचीच नक्कल करतं, असं तो म्हणतो. तो उपनिषदं वाचत असे हे खरं. दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून केलेलं लॅटिन भाषांतर त्याच्याजवळ होतं. पण त्याची इच्छा आंधळी आणि दुःखाचं मूळ आहे, ती शमवायची असते. नादब्रह्माची उपासना करतात. दोन्हींचं मूल्यच उलट आहे, तेव्हा बरोबरचं चिन्ह चालत नाही. दुसरी अडचण तांत्रिक आहे. त्याची सगळी मांडणी हार्मनीवर (एकाच वेळी जुळून वाजणाऱ्या अनेक सुरांवर) उभी आहे: सगळ्यात खालचा बास म्हणजे जड सृष्टी, मधले आवाज म्हणजे वनस्पती आणि प्राणी, वरची धून म्हणजे माणूस. तंबोऱ्याला त्या बासच्या जागी बसवायचा प्रयत्न करतात, पण शोपेनहावरचा बास हलतो, सावकाश का होईना, सुरावरून सुरावर जातो. तंबोऱ्याचा पंचम-षड्ज जागचा हलत नाही.

आता काळाकडे येऊ. इथे हुसर्ल, जाणिवेचा अभ्यास करणारा जर्मन तत्त्वज्ञ. त्याची 1905ची व्याख्यानं 1928 साली हायडेगरच्या संपादनाखाली छापली गेली. त्यातली कलम 7 ते 14 वाचा, कलम 10 मधली आकृती वहीत स्वतःच्या हाताने काढा. त्याचा मुद्दा असा. धून ऐकताना गेलेला सूर पूर्ण पुसला गेला असता तर आपल्याला एका वेळी एकच सुटा सूर ऐकू आला असता. तो तसाच वाजत राहिला असता तर सगळे सूर एकमेकांवर चढून गोंगाट झाला असता. प्रत्यक्षात गेलेला सूर 'नुकताच गेलेला' म्हणून धरलेला राहतो आणि येणाऱ्याची चाहूल आधीच लागलेली असते. पहिल्याला तो रिटेन्शन म्हणतो, दुसऱ्याला प्रोटेन्शन. मुद्दाम आठवून आणलेली आठवण ही वेगळी क्रिया आहे, हे तो बजावतो. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने 1889मध्ये धुनीचाच दाखला घेऊन जवळचं काही म्हटलं होतं, पण त्याचा रोख मोजता येणाऱ्या काळाच्या विरुद्ध होता. आपल्याकडे मोजणी आणि वाहणं एकाच आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) असतात, म्हणून हुसर्ल जास्त कामाला येतो.

हे वाचून 'वा, सम म्हणजे प्रोटेन्शन' असं लिहून थांबू नका (आवर्तनाची पहिली मात्रा ती सम). ठेक्यापाशी, म्हणजे तबल्यावर वाजणाऱ्या तालाच्या ठरलेल्या बोलांपाशी बसा. ग्वाल्हेर गायकीचा आवडता तिलवाडा ताल घ्या, 16 मात्रा:

धा तिरकिट धिं धिं । धा धा तिं तिं । ता तिरकिट धिं धिं । धा धा धिं धिं

आणि इंदूरच्या उस्ताद अमीर खाँनी अतिविलंबित (अगदी संथ लयीत) गाण्यासाठी आपलासा केलेला झुमरा, 14 मात्रा:

धिं ऽधा तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट । तिं ऽता तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट

दोन्हींत एक बारीक फरक आहे आणि लघुप्रबंधाचं अर्धं प्रकरण त्यावर उभं राहू शकतं. तिलवाड्यात कालाकडे (टाळी न देता दाखवतात त्या मात्रेकडे) जाताना 7-8 मात्रांवर 'तिं तिं' येतं, समेकडे जाताना 15-16वर 'धिं धिं'. म्हणजे पुढे काल आहे की सम, हे अगदी उंबरठ्यावर कानाला कळतं. समेवरचा 'धा' आणि कालावरचा 'ता' त्यावर शिक्का मारतात. झुमऱ्यात दुसरा विभाग आणि चौथा विभाग हुबेहूब एक आहेत. 'धिं धिं धागे तिरकिट' ऐकून पुढे काल आहे की सम, हे त्या बोलांवरून सांगताच येत नाही. ते कळण्यासाठी त्याआधीच्या विभागातलं 'तिं ऽता' धरून ठेवलेलं असावं लागतं. मात्रा 4 सेकंदांची धरली तर आवर्तन 56 सेकंदांचं होतं, आणि आठव्या मात्रेवरच्या 'तिं'पासून चौदाव्या मात्रेवरच्या तिरकिटापर्यंत 24 सेकंद जातात.

24 सेकंदांपूर्वीचा 'तिं' हुसर्लच्या अर्थाने 'नुकताच गेलेला' आहे का? माझ्या मते नाही. इतक्या अंतरावर ऐकणारा तीन गोष्टींपैकी कशावर तरी टेकतो: मनातल्या मोजणीवर, गायक मुखड्याकडे (समेवर आणणाऱ्या बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याकडे) वळतोय या खुणेवर, किंवा तबलजीने भरलेल्या बोलांवर. म्हणजे अतिविलंबितात आवर्तन हा एका नजरेत मावणारा आकार उरत नाही. मावतो तो मुखडा आणि समेवर येणं. ग्वाल्हेरच्या तुलनेने चढ्या विलंबितात, जिथे मात्रा 2 सेकंदांच्या आसपास आणि आवर्तन 32 सेकंदांच्या आसपास राहतं, बंदिशीच्या शब्दांची अख्खी ओळ एका आवर्तनात पसरलेली असते आणि कान तिला धरून राहू शकतो. बंदिशीचा आदर करणारी गायकी आणि तिची लय यांचा संबंध इथे दिसतो. घराण्यांच्या लयीतला फरक हा नुसत्या आवडीनिवडीचा फरक नाही, काळ धरण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे, असा दावा तुम्ही मांडू शकता. हुसर्लला झुमरा ठाऊक असता तर त्याला आकृती वाढवावी लागली असती.

पडताळा कसा घ्यायचा ते सांगते. एकाच रागाची दोन ध्वनिमुद्रणं घ्या, एक तिलवाड्यातलं, एक झुमऱ्यातलं. प्रत्येकातली सलग सहा आवर्तनं निवडा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर प्रत्येक समेला लॅप दाबा. दुसऱ्या वेळी ऐकताना हाताने ताल अजिबात धरू नका आणि सम येतेय असं वाटेल तेव्हा दाबा. दोन्ही यादीतला फरक सेकंदांत लिहा. मग तेच ताल न शिकलेल्या, पण गाणं ऐकणाऱ्या दोघा-तिघांकडून करवून घ्या. चुका तीन ठिकाणी होतात. पहिली, कान नकळत मोजत राहतात, म्हणून ताल शिकलेल्या माणसाचे आकडे वेगळ्या रकान्यात ठेवा. दुसरी, ठेका पुस्तकात आहे तसा कोणीच वाजवत नाही. तबलजी भरतो, म्हणून त्या सहा आवर्तनांतला प्रत्यक्ष वाजलेला ठेका लिहून काढा. तिसरी, लय हळूहळू चढते. पहिलं आणि सहावं आवर्तन सारख्या लांबीचं धरू नका.

पुढची चाहूल म्हणजे प्रोटेन्शन, ती तिहाईमध्ये (समेवर येण्यासाठी तोच तुकडा तीनदा घेतात त्यात) सोप्यात सोपी दिसते. तीनतालात 3 मात्रांचा तुकडा, मध्ये 1 मात्रा थांबा, असा तीनदा: 3+1+3+1+3 म्हणजे 11. शेवटची मात्रा समेवर हवी, तर सुरुवात सातव्या मात्रेवरून. तुकडा 7-8-9, 11-12-13 आणि 15-16-सम असा पडतो. पहिल्यांदा तो नुसता तुकडा असतो, दुसऱ्यांदा आल्यावर तिहाई होते, तिसऱ्या वेळी ऐकणाऱ्याची मान आधीच समेकडे निघालेली असते. ताल न कळणाऱ्याचीसुद्धा, कारण थांब्याची लांबी त्याने दुसऱ्या वेळी शिकून घेतलेली असते. संगीताचा अभ्यासक लिओनार्ड मेयरने 1956मध्ये मांडलं की संगीतातली भावना अपेक्षा अडवली किंवा लांबवली की जागी होते. दुसरा थांबा एका मात्रेऐवजी दोन मात्रांचा करून तुकडा समेपुढे नेऊन ठेवा, आणि बघा ऐकणारे काय करतात. मेयरची उदाहरणं मुख्यतः पाश्चात्त्य आहेत. तुम्हाला हे घरबसल्या तपासता येतं.

दुसरा प्रश्न, बंदिशीच्या ओळखीचा. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमनने 1968 साली एक कडक नियम घातला: स्वरलिपीचं तंतोतंत पालन म्हणजे ती रचना. त्याचा परिणाम तो स्वतःच मान्य करतो: एक सूर चुकलेलं अप्रतिम वादन ती रचना ठरत नाही, आणि एकही चूक नसलेलं रटाळ वादन ठरतं. आता ग्वाल्हेरमध्ये हा नियम लावून पाहा. 1918 साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं, तिथे भातखंडे स्वरलिपीवर पिढ्या शिकल्या. कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्राला वर उभी, मींडेला कमान, समेला ×, कालाला 0. त्याच शहरात ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडितांची परंपराही आहे. एकच बंदिश छापील रूपात आणि घराण्यातल्या तोंडी रूपात शेजारी ठेवलीत तर जागा (छोट्या स्वरसंगती) बदललेल्या सापडतात, कधी मुखडा उचलण्याची मात्रासुद्धा. गुडमनप्रमाणे या दोन वेगळ्या रचना झाल्या. असं कोणताही गवई मानणार नाही.

म्हणून गुडमन टाकून द्यायचा नाही, तो कुठे मोडतो ते दाखवायचं. कामाची पद्धत अशी: एक छोटा ख्याल घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. समेचा स्वर बदला. अंतऱ्यातले दोन शब्द बदला. मुखडा नवव्या मात्रेऐवजी सातव्या मात्रेपासून उचला. ताल बदला. शेवटी राग बदला. प्रत्येक वेळी जाणत्या दोन-तीन माणसांना विचारा: तीच का? राग बदलला की सगळे नाही म्हणतील. किरकोळ शब्द बदलले की सगळे हो म्हणतील. मुखड्याची उचल आणि समेचा स्वर यांवर वाद होईल, आणि तोच वाद तुमचा पुरावा. हा तक्ता समोर असला की तत्त्वज्ञ वॉल्टरस्टॉर्फचं म्हणणं कळतं: रचना म्हणजे एक निकष, तिचं चुकीचं सादरीकरणही तिचंच सादरीकरण असतं. स्टीफन डेव्हिस रचना 'जाड' आणि 'पातळ' अशा मांडतो. पातळ रचना थोडंच ठरवून देते आणि बाकी गाणाऱ्यावर सोडते. बंदिश पातळ, हे पटकन लिहून मोकळं व्हाल. पण तिथे एक पायरी निसटते. राग ही रचनाच नाही, तरी तो बंदिशीवर हुकूम चालवतो. आपल्याकडे निकष दोन थरांत आहेत, वर राग, खाली बंदिश, आणि पाश्चात्त्य मांडणीत वरच्या थराला जागा नाही. लिडिया गोअरचं 1992चं पुस्तक इथे जरूर वापरा. 'संगीतकृती' ही कल्पना युरोपातसुद्धा 1800च्या सुमाराला व्यवहारावर राज्य करू लागली, हा तिचा युक्तिवाद. भातखंडे 1916 साली सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्याला झालेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत उभे राहिले तेव्हा आपल्याकडे हीच वळणाची वेळ होती, असं म्हणायला वाव आहे.

तिसरा प्रश्न भावाचा. संगीतसमीक्षक हान्सलिकचं 1854चं पुस्तक लहान आहे, सातच प्रकरणं, संपूर्ण वाचा. संगीताचा आशय म्हणजे नादातून हलणारे आकार, ठरावीक भावना नव्हे, हे त्याचं म्हणणं. त्याने ग्लुकच्या 'ऑर्फियस' ऑपेरातल्या विरहाच्या प्रसिद्ध गाण्याकडे बोट दाखवलं: त्याच चालीवर प्रिया परत मिळाल्याचे शब्द तितकेच शोभतील. आपला साक्षीदार म्हणजे तराणा, शब्दांऐवजी नुसत्या बोलांवर गायली जाणारी रचना. एकाच रागात, एकाच तालात, एकाच लयीत विरहाची बंदिश आणि तराणा लागोपाठ गाऊन पाहा. शब्द गेल्यावर काय उरतं ते हान्सलिकला तपासायचं होतं, ते आपल्याकडे रोज गायलं जातं. फक्त सावध राहा, अमीर खाँचं मत होतं की तराण्याचे बोल निरर्थक नाहीत, त्यात फारसी अर्थ आहे. ते मान्य केलंत तर साक्षीदार फुटतो. तेव्हा भूमिका आधी ठरवा.

तत्त्वज्ञ पीटर किवीने 1980मध्ये मधला रस्ता काढला. सेंट बर्नार्ड कुत्र्याचा चेहरा दुःखी दिसतो, कुत्रा दुःखी असलाच पाहिजे असं नाही. सुराचा उतार, रेंगाळणं यात दुःखाचा आकार दिसतो, दुःख असतंच असं नाही. मारव्यासारख्या रागात, जिथे षड्ज टाळत टाळत गातात, ही मांडणी बरी चालते. सुझन लँगर 1942मध्ये म्हणते की संगीत भावनेचा आकार दाखवतं, नाव घेत नाही. मराठीत मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वं या आकारवादाच्या बाजूला पडतात. आणि रा. भा. पाटणकरांचं 1974चं सौंदर्यमीमांसेवरचं पुस्तक लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमध्ये हा सगळा वाद मांडतं. कांटसाठी तेच आधी वाचा, मग कांट सोपा जातो.

आता रस. अभिनवगुप्तांची मांडणी मुळात नाट्यावरची आहे, तिला विभाव (भाव जागवणारी व्यक्ती, प्रसंग), अनुभाव (भावाचं बाहेर दिसणं) आणि व्यभिचारी (येणारे-जाणारे) भाव लागतात. बंदिशीच्या शब्दांत विरहिणी सापडेल, पाऊस सापडेल. तराण्यात विभाव कोणता? आलापात कोणता? याचं उत्तर देता आलं तरच रसाचं प्रकरण लिहा, आणि ते तिसऱ्या प्रश्नाखाली लिहा.

अडोर्नो शेवटी वाचा. तो स्वतः संगीतकार बर्गकडे रचना शिकलेला, त्यामुळे लिहितो ते कानाने ऐकून. पण 1949च्या पुस्तकात शॉनबर्ग हा संगीतकार वर आणि स्ट्राव्हिन्स्की खाली, हा निकाल आपल्या कामाचा नाही. 1938चा लेख मात्र आजचा आहे: लोक अख्खी रचना ऐकत नाहीत, ठळक तुकडे ऐकतात. रीलमध्ये फिरणारी 30 सेकंदांची तान, आधीच्या 20 मिनिटांच्या बढतीशिवाय (रागाच्या सावकाश विस्ताराशिवाय). उलट बाजूला तत्त्वज्ञ लेविन्सन 1997मध्ये म्हणतो, क्षणाक्षणाने ऐकणं हेच ऐकणं, सबंध इमारत डोक्यात असायची गरज नाही. ख्यालाच्या बाबतीत मी दोघांच्या मध्ये उभी राहीन, आवर्तनावर.

विट्गेन्स्टाईनचं एकच वाक्य घ्या, 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मधल्या कलम 527मधलं: वाक्य समजणं हे संगीतातली एखादी धून समजण्याच्या, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त जवळ आहे. तालमीत गुरुजी 'असं नाही, असं' म्हणून तीच जागा पुन्हा घेऊन दाखवतात आणि कारण सांगत नाहीत. शिष्याला कळलं की नाही हे त्याने पुढची जागा कशी घेतली त्यावरून ठरतं, त्याच्या मनात काय चाललंय त्यावरून नाही. योग्य जागी आलेली दाद हाही तसाच पुरावा.

वाचण्याचा क्रम असा ठेवा: पाटणकर, हान्सलिक, हुसर्लची ती आठ कलमं, गुडमनचं स्वरलिपीवरचं पाचवं प्रकरण, गोअर, आणि मग बाकीचे. काळाच्या प्रकरणाला सगळ्यात जास्त पानं द्या, कारण तिथे तुमच्याकडे स्वतःचं मोजमाप असेल. आवर्तनांचे तक्ते परिशिष्टात टाका, मजकुरात दोनच आवर्तनं मात्रेनिशी उलगडून दाखवा. तोंडी परीक्षेला मोबाइलवर ती दोन आवर्तनं तयार ठेवून जा. मार्गदर्शक तत्त्वज्ञानाचे असले तर झुमऱ्याचा चौथा विभाग त्यांना दोनदा ऐकवावा लागेल.